जांभळे फॉर्मॅलिन

मनगटातून काढलेल्या तुकड्याचा उरलेला भाग ज्या बरणीत ठेवला होता, त्या बरणीतील फॉर्मॅलिन जांभळे झाले होते.

फॉर्मॅलिन पाण्यासारखे रंगहीन असते. त्यात ठेवलेले मांस सडत नाही. किंचित आकसते, करडे पडते आणि मुकाट राहते. रक्त उतरले तर ते तांबूस होते, पित्त उतरले तर हिरवट. जांभळे होत नाही. बाईंनी बरणी खिडकीतल्या उजेडात धरली, हलवली, झाकणावरचा क्रमांक दोनदा वाचला आणि ती पुन्हा टेबलावर ठेवली. क्रमांक बरोबर होता.

बाई म्हणजे हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी विभागाच्या प्रमुख. रोग्याच्या शरीरातून काढलेला प्रत्येक तुकडा त्यांच्या सूक्ष्मदर्शकाखालून जाई आणि त्याला कोणत्या रोगाचे नाव द्यायचे ते त्या ठरवीत. तोंडावर सगळे त्यांना ‘बाई’ म्हणत आणि पाठीमागे ‘शंकासूर’. हे दुसरे नाव त्यांच्या कानावर आले होते. असुर पुरुष असतो, एवढी एक चूक सोडली तर त्यांना ते पसंत होते.

तुकडा लाकडाच्या वखारीतल्या एका पारख्याचा होता. ओल्या फळ्या उलटसुलट करायच्या, त्यांतल्या गाठी आणि चिरा हेरायच्या, आणि प्रत्येक फळीवर तिच्या प्रतीची खूण करायची, हा त्याचा धंदा. त्याच्या उजव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या घडीपासून चार बोटे वर, एक टणक गाठ आली होती. “जन्मभर लाकडातल्या गाठी मी शोधल्या, ही मात्र बायकोला सापडली,” असे त्याने पहिल्या भेटीत सर्जनना सांगितले होते. गाठ दुखत नव्हती, पण वाढत होती, आणि अंगठा व त्याच्या शेजारची बोटे बधिर होऊ लागली होती. क्ष-किरणांच्या चित्रात गाठीत एक कणभर पांढुरका ठिपका दिसला. जुन्या गाठीत चुना साठतो तसा तो असणार, असे सर्वांनी धरले. सर्जननी हाताच्या लांबीला समांतर एक लहान छेद घेतला, स्नायू बाजूला सारले आणि गाठीचा तुकडा तपासणीला पाठवला.

काचपट्टीवर बाईंना जे दिसले ते वाईट होते. मधोमध मेलेल्या ऊतींचे बेट आणि त्याभोवती फुगीर, गुबगुबीत पेशींचे कडे. असे कडे दोन कारणांनी दिसते. एक तर आत काहीतरी परके घुसलेले असते आणि शरीराच्या पेशी त्याला वेढा घालून बसतात. नाहीतर त्या पेशीच कर्करोगाच्या असतात. हाताच्या आणि मनगटाच्या मऊ ऊतींत होणारा सार्कोमा नावाचा एक कर्करोग नेमके हेच सोंग घेतो, आणि ते इतके बेमालूम वठवतो की भल्याभल्यांनी त्याला साधी सूज समजून सोडून दिले आहे. सोडलेले रोगी पुढे वाचत नाहीत. एक प्रथिन असते. या सार्कोमात ते पेशींतून बहुधा नाहीसे होते. इथे ते शिल्लक होते. पण ‘बहुधा’ म्हणजे ‘नेहमी’ नव्हे. बाईंनी ‘निश्चित सांगता येत नाही’ असे लिहिले आणि काचपट्ट्या कर्करोगाच्या मोठ्या केंद्रातल्या तज्ज्ञांकडे पाठवल्या. तिकडून ‘सार्कोमाची दाट शक्यता’ असे उत्तर आले. गाठीने हाताचा मुख्य मज्जातंतू आणि बोटे मिटवणाऱ्या कंडरा कवटाळल्या होत्या. हात राखून ती समूळ काढता येईल असे कुणाला वाटत नव्हते. शुक्रवारी हात कोपराखाली कापायचा, असे ठरले.

मंगळवारी सकाळी, उरलेल्या तुकड्याचे आणखी काही काप पाहावेत म्हणून बाई बरणीपाशी गेल्या, तेव्हा ती जांभळी होती.

सर्जन हे बाईंचे धाकटे दीर. बाई लग्न होऊन घरात आल्या तेव्हा ते शाळेत जात आणि बेडकाची चिरफाड वहिनीकडून शिकत. आता ते ऑपरेशन थिएटरबाहेरच्या खोलीत चहात बिस्किट बुडवत बसले होते. समोर बरणी आली तेव्हा ते बिस्किट वेळेवर बाहेर काढायला विसरले, आणि ते तळाला गेले.

“वहिनी, चहाच्या टेबलावर?”

“झाकण घट्ट आहे. रंग बघा.”

“जांभळा.”

“का?”

“का म्हणजे? आमच्या पेनची शाई. छेद कुठे घ्यायचा ते कातडीवर आखून घेतो ना आम्ही, जांभळ्या पेननं. तीच उतरली.”

हे उत्तर बाईंना नवे नव्हते. तुकडा पहिल्यांदा हातात आला तेव्हा त्याच्या एका बाजूला निळसर झाक होती आणि त्यांनीही तेच गृहीत धरले होते. ऑपरेशनच्या टेबलावरून जांभळे काही आले तर ते पेनचे, हे त्या धंद्यात इतके अंगवळणी पडलेले असते की तो प्रश्न आहे असे कुणाला वाटतच नाही.

“पेन कुठे चालवता तुम्ही?”

“कातडीवर.”

“ह्या तुकड्यात कातडी कुठे आहे?”

सर्जननी चमच्याने कपाचा तळ ढवळला. “नाहीये. खोलवरून घेतलाय. पण सुरी त्याच रेषेवरून आत गेली ना? थोडी शाई ओढली गेली असेल.”

“थोडी?” बाईंनी बरणी हलवली.

“वहिनी, तुम्हाला चहात साखर घातलीय म्हणून सांगितलं तरी पुरावा लागतो.”

“कारण तुम्ही घातलेली नसते.”

सर्जननी कप बाजूला सारला आणि आवाज खाली आणला. “हे बघा, कुणाचा हात कापायची मला हौस नाही. पण तो सार्कोमा असला आणि मी थांबलो, तर तो फुफ्फुसात जाईल. मग दोन हात असून त्या माणसाला काय उपयोग? तो स्वतः तयार आहे. मला म्हणाला, ‘डॉक्टर, नासका तुकडा वेळीच कापला तर बाकीची फळी टिकते.’ आणि तुम्ही मला शंका आणून देताय. शंकेवर मी ऑपरेशन थांबवू? कारण आणा. गाठ कशानं झाली ते सांगा, एका पायावर बेत बदलतो.”

“शुक्रवारच्या आत.”

“शुक्रवारच्या आत.”

बाईंनी बरणी उचलली. “मान्य आहे, भाऊजी. तुम्ही तोवर बिस्किट शोधा.”

शंका कुणालाही घेता येते. ती कशाने फिटेल हे आधी ठरवणे, हे खरे काम. सर्जनचे म्हणणे चूक आहे असे बाईंना वाटत होते, पण वाटणे हा पुरावा नव्हे, आणि स्वतःचे वाटणे तर मुळीच नव्हे. त्यांनी थिएटरमधून एक नवे पेन मागून घेतले, फॉर्मॅलिनच्या दोन छोट्या बरण्या पिशवीत टाकल्या आणि घरी जाताना खाटकाकडून कोंबडीच्या दोन तंगड्या घेतल्या. कातडीसकट.

घरी नवरा टेबलावर नकाशे पसरून बसला होता. भूगोलाच्या मास्तरकीतून निवृत्त झाल्यावरही त्याचे नकाशे निवृत्त झाले नव्हते.

“आज कोंबडी?” त्याने आशेने विचारले.

“आहे. पण खायची नाही.”

“मग?”

“तिची बायॉप्सी करायचीय.”

नवऱ्याने चष्मा कपाळावर चढवला. बायको तंगडीवर जांभळ्या पेनने सरळ रेषा ओढत होती. “काय झालंय तिला?”

“काहीच नाही. म्हणून तर घेतली.”

बाईंनी रेषा वाळू दिली, सर्जन पुसतात तशी जंतुनाशकाने पुसली, रेषेवरून सुरी चालवली आणि पहिल्या तंगडीच्या आतल्या मांसाचा एक तुकडा काढला. दुसऱ्या तंगडीत त्यांनी मुद्दाम अडाणीपणा केला: सुरीचे पाते शाईवर घासले आणि तसेच आत खुपसले. दोन्ही तुकडे दोन बरण्यांत गेले आणि बरण्या मागच्या गॅलरीत, जेवणाखाण्यापासून दूर.

“उरलेल्या तंगड्यांचं काय?” नवऱ्याने विचारले.

“शाई लागलीय त्यांना.”

“तुझ्या शंकेपायी माझा भाऊ गेला, आता कोंबडीही गेली.”

“तुझा भाऊ कुठे गेलाय?”

“त्याचा मघाशी फोन आला होता. तू बरणी घेऊन हिंडतेयस म्हणाला. आवाजावरून गेल्यातच जमा होता.”

सकाळी पहिल्या बरणीतले फॉर्मॅलिन स्वच्छ होते. दुसरीत, जिथे शाई जाणूनबुजून कोंबली होती तिथे, इतकी फिकी छटा होती की मागे पांढरा कागद धरल्याशिवाय ती दिसेना. पारख्याच्या बरणीशी तिची तुलना करणे म्हणजे समईशेजारी काजवा ठेवणे. पेन निर्दोष सुटले.

त्या दिवशी विभागात येताच बाईंनी उरलेला तुकडा चिमट्याने बाहेर काढला आणि मधोमध कापला. बाहेरून तो करडा होता. आत गर्द जांभळा होता, आणि तो रंग कडेकडे फिका होत गेला होता. शाई वरून लागलेली असती तर उलटे दिसले असते. हा रंग बाहेरून आत शिरलेला नव्हता; आतून बाहेर निघाला होता.

मग तो काचपट्टीवर का दिसला नाही? बाईंनी एक पातळ चकती कापून अल्कोहोलमध्ये सोडली. क्षणात तिच्यातून जांभळा धूर निघाल्यासारखा रंग उतरू लागला आणि थोड्याच वेळात चकती कोरी पडली. काचपट्टी करण्यासाठी प्रत्येक तुकडा यंत्रात एकामागून एक अल्कोहोलच्या भांड्यांतून जातो, त्याशिवाय त्याचे पातळ काप निघत नाहीत. म्हणजे ज्या यंत्राने तुकडा पाहण्याजोगा केला, त्यानेच त्यातली पाहण्याजोगी गोष्ट धुऊन टाकली होती. मोठ्या केंद्रातल्या तज्ज्ञांनी काळजीपूर्वक, प्रामाणिकपणे, धुतलेला पुरावा तपासला होता.

अल्कोहोल टाळायचे तर तुकडा गोठवायचा. बाईंनी तो गोठवला, तसाच कापला आणि रंगरसायन न लावता सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. मेलेल्या ऊतींचे बेट जांभळे होते. बेटात काळे, टोकदार कण विखुरले होते. बाईंनी जुन्या काचपट्ट्या पुन्हा काढल्या. कण तिथेही होते. फॉर्मॅलिन जुने झाले की ऊतींवर काळपट कण बसतात. तसलेच समजून त्यांच्याकडे कुणी लक्ष दिले नव्हते. पण फॉर्मॅलिनचे कण ध्रुवित प्रकाशात चमकतात आणि सगळीकडे पसरतात. हे चमकले नाहीत, आणि बेट सोडून कुठेही नव्हते.

त्यांनी फोन उचलला.

“रंग आतलाच आहे. त्यात काळे कण आहेत. बाहेरून काहीतरी घुसलंय.”

“काय घुसलंय?”

“ते माहीत नाही.”

पलीकडे सर्जननी उसासा सोडला. “वहिनी, मी त्याला तीनतीनदा विचारलंय. मार लागला होता का, जखम झाली होती का. ठाम नाही म्हणतो. आणि समजा घुसलंय काहीतरी. तिथं सार्कोमा नसेलच असं कुठाय? ‘काहीतरी’ हे कारण नव्हे.”

हे म्हणणे बरोबर होते, आणि बरोबर असल्यामुळे बाईंना त्याचा राग आला नाही. “तुम्ही त्याला काय झालं ते विचारलंत,” त्या म्हणाल्या. “मी जाऊन तो काय करतो ते बघते.”

पॅथॉलॉजिस्टला रोगी दिसत नाहीत. तिचे रोगी बरण्यांत राहतात. त्यामुळे गुरुवारी सकाळी वखारीच्या फाटकाशी उभ्या राहिलेल्या बाई थोड्या अवघडल्या होत्या. ओंडके तडकू नयेत म्हणून त्यांच्यावर नळांतून पाणी उडत होते. जमीन भुशाने मऊ झाली होती, आणि हवेला ओल्या लाकडाचा आंबूस, ताजा वास होता. शेडखाली एक धिप्पाड बाई मोठ्या करवतीत ओंडका सरकवत होती. तिने अनोळखी माणूस पाहिले आणि बटण दाबून करवत थांबवली.

“कोण हवंय?”

“हॉस्पिटलातून आलेय. पारख्यांना भेटायचं होतं.”

“मी त्यांची बायको. उद्याचं आजच न्यायला आलात की काय?”

“न्यायला नाही, बघायला. त्यांच्या गाठीचा तुकडा माझ्याकडे असतो.”

“बाकीचे ते तिकडे आहेत, थप्पीमागे.” तिने हनुवटीने दिशा दाखवली. तिचे डोळे रडून सुजले होते. आवाज मात्र करवतीचा होता. “डाव्या हाताला शाळेत घातलंय त्यांनी. सकाळपासून गिरवणं चाललंय. मी म्हटलं, आजचा दिवस तरी बसा घरी. तर म्हणतात, उद्यापासून हा एकटाच कमावणार, त्याला कोण शिकवणार?”

थप्पीमागे पारखी उभा होता. बारीक, ताठ माणूस. उजव्या हाताची गाठ बँडेजखाली झाकलेली. तो हात फळीच्या काठाखाली देऊन त्याने फळी तोलली, नजर फिरवली, आणि डाव्या हाताने तिच्यावर एक वाकडी खूण काढली. खूण जांभळी होती.

बाईंनी त्याला पुढची फळी घेऊ दिली, आणि तिच्या पुढचीही.

त्याच्या डाव्या मनगटावर चामड्याचा रुंद पट्टा होता. पट्ट्याखाली, हाताच्या आतल्या बाजूने, एक पेन्सिल सरकवलेली होती: बुंधा तळव्यात, टोक कोपराकडे. फळी दोन्ही हातांत असताना त्याने नुसती बोटे मिटली, बुंधा पकडला, पेन्सिल ओढून काढली, टोक जिभेला लावले, खूण केली आणि पेन्सिल टोकाच्या बाजूने परत पट्ट्याखाली ढकलली. सवयीच्या नसलेल्या हाताला ते नीट साधत नव्हते. पट्ट्यापासून वर, कातडीवर, जांभळ्या रेघोट्या उठल्या होत्या.

“ही कसली पेन्सिल?” बाईंनी विचारले.

पारख्याने मान वळवली. “शाईची. ओली केली की जांभळी उठते. ओल्या लाकडावर साधी पेन्सिल चालत नाही, खडू वाहून जातो. ही बसली की बसली. तुम्ही हॉस्पिटलातल्या ना? सही राहिलीय का माझी कुठे?”

“सही नको. हा पट्टा नेहमी डाव्याच हातात असतो?”

“छे हो. तरुणपणापासून उजव्यात. गाठ आली तसा टोचायला लागला, म्हणून काढून ठेवला होता. आता ह्याला बांधलाय. दोन्ही हात फळीत अडकलेले असतात, पेन्सिल काढायला तिसरा हात कुठनं आणू?”

“आणि टोक असं आत, कोपराकडे?”

“मग काय तळव्याकडे ठेवू?” पारखी हसला. “टोचेल की!”

बाई हसल्या नाहीत. “पट्टा उजव्या हातात असताना, पेन्सिल आत असताना, तुम्ही कधी हातावर पडला होतात?”

“नाही.”

“अहो, थापा काय मारता?” बायको मागोमाग येऊन थप्पीला टेकली होती. “त्या उंच थप्पीवरनं आलात की खाली, नवा माल आला तेव्हा.”

“ते काय पडणं झालं? घसरलो. उभ्याचा बसलो.”

“तळहात टेकून बसलात! बाही जांभळी केलीत. दोनदा सदरा भिजवला, अजून डाग तसाच आहे. मी तेव्हा एवढी ओरडले, ते विसरलात?”

“तू रोजच ओरडतेस. त्यातलं कुठलं लक्षात ठेवू?” पारखी बाईंकडे वळला. “डॉक्टरांनी विचारलं, जखम झाली होती का. जखम नव्हती झाली. लाकडाची कूस गेल्यासारखं टोचलं, थेंबभर रक्त आलं, दाबून धरलं. वखारीत कूस गेली तिला जखम म्हणायला लागलो, तर तुमच्याकडेच बिऱ्हाड करावं लागेल.”

“पेन्सिलीचं काय झालं?”

“तिला काय व्हायचंय? टोक मोडलं होतं. तासलं, आणि पुढची फळी घेतली.”

“टोक कुठे गेलं?”

पारख्याने उत्तर द्यायला तोंड उघडले. मग तो आपल्या उजव्या हाताकडे पाहू लागला.

“अगं बाई,” बायको म्हणाली, आणि तिने तोंडावर हात ठेवला.

“अजून काही नक्की नाही,” बाई घाईने म्हणाल्या, कारण बायकोच्या चेहऱ्यावर जे उमटले होते त्याला पुरेल एवढा पुरावा त्यांच्याजवळ अजून नव्हता. “मला ती पेन्सिल द्या.”

“आणि मी काय करू?” पारख्याने विचारले.

“डाव्या हाताला सुट्टी द्या.”

विभागात परतल्यावर बाईंनी पेन्सिलीचे टोक खरवडले. चूर्ण पाण्यात टाकताच पाणी जांभळे झाले. अल्कोहोलमध्ये त्याहून लवकर. या परीक्षेला त्यांनी स्वतःच किंमत दिली नाही. सर्जनच्या पेनमधला रंग आणि शाईच्या पेन्सिलीतला रंग एकाच कुळातले आहेत. रंगावरून त्यांची ओळख पटत नाही, आणि सगळा घोळ झाला तो त्यामुळेच. दोघांतला फरक रंगाच्या पलीकडे आहे. पेनच्या शाईत नुसता रंग असतो. पेन्सिलीच्या गाभ्यात रंगाबरोबर चिकणमाती असते आणि शिसपेन्सिलीतला काळा ग्रॅफाइट असतो. चूर्ण काचपट्टीवर पसरून बाईंनी त्याखाली ध्रुवित प्रकाश सोडला. काळे, टोकदार, न चमकणारे कण. शेजारच्या सूक्ष्मदर्शकाखाली पारख्याच्या मनगटातले कण होते. बाईंनी दोन्ही काचपट्ट्यांवर पट्टी चिकटवून नावे झाकली, त्या उलटसुलट केल्या आणि पुन्हा पाहिल्या. नुसत्या कणांवरून कुठले पेन्सिलीतले आणि कुठले मनगटातले हे त्यांना सांगता येईना.

सर्जनना त्यांनी खाली बोलावून घेतले. ते दोन्ही सूक्ष्मदर्शकांतून बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी क्ष-किरणांचे चित्र उजेडाच्या पेटीवर लावले आणि पांढुरक्या ठिपक्यावर बोट ठेवले.

“हा चुना नव्हे,” ते म्हणाले.

“नसावा. उघडल्याशिवाय सांगता येणार नाही.”

“वहिनी, आता तरी शंका सोडा.”

“तुम्ही तो ठिपका हातावर काढून दाखवा. सोडते.”

सर्जन हसले, पण लगेच गंभीर झाले. “उद्याची वेळ तशीच ठेवतो. हात कापत नाही, गाठ उघडतो. जांभळं आहे तेवढं सगळं काढायचं, कारण हा रंग तिथं राहिला तर ऊती मारतच राहणार. तुम्ही शेजारच्या खोलीत बसा. मी काप पाठवत जातो, तुम्ही सांगत जा. एकाही कापात तुम्हाला तो सार्कोमा दिसला...”

“...तर मीच सांगेन, कापा म्हणून. पण एक अट आहे.”

“बोला.”

“उद्या जांभळं पेन नको.”

शुक्रवारी सर्जननी छेदाची रेषा सुईच्या टोकाने ओरखडून आखली. कातडी उघडली, स्नायू बाजूला झाले, आणि भिंगाच्या चष्म्यातून सगळ्यांना दिसले: बोटे मिटवणाऱ्या कंडरांमध्ये मधोमध जांभळा डाग, जणू कुणी आत शाईची दौत सांडली होती. पहिल्या वेळी अरुंद छेदातून डागाचा केवळ किनारा दिसला होता, आणि तो पेनचा म्हणून कुणी त्याकडे पाहिले नव्हते. काप एकामागून एक शेजारच्या खोलीत गेले. मेलेल्या ऊती, काळे कण, त्यांना वेढा घालून बसलेल्या, आपले काम करणाऱ्या पेशी. प्रत्येक वेळी बाईंनी दारातून एकच शब्द सांगितला, “पुढे.” मज्जातंतूवरून जांभळा पदर सोलून काढताना सर्जनचा हात सर्वांत सावकाश चालला. तो पदर निघाला तेव्हा त्याखाली काहीतरी टणक चिमट्याला लागले.

त्यांनी ते गॉजच्या घडीवर ठेवून बाहेर पाठवले. तांदळाच्या दाण्याहून लहान, निमुळते, काळे. ओल्या गॉजवर त्याच्याभोवती जांभळे वर्तुळ पसरू लागले होते.

तरीही बाईंनी काढलेली सगळी गाठ, शेवटच्या धाग्यापर्यंत, काप करून तपासली. त्यासाठी पुढचा आठवडा गेला. सार्कोमा कुठेही नव्हता. त्यानंतरच त्यांनी मोठ्या केंद्राला कळवले, आणि त्यानंतरच पारख्याच्या बायकोला फोन केला. तिकडून आधी करवत थांबल्याचा आवाज आला.

“बोटं मिटतायत का?” बाईंनी विचारले.

“मिटतायत. अंगठा अजून आळशी आहे. पण काल त्यांनी माझा हात धरून पाहिला, आणि सोडेनात. मी म्हटलं, अहो, लोक बघतायत!”

“आणि पट्टा?”

“मी चुलीत घातला. आता पेन्सिल कानावर असते.”

गाठीचे कारण असे होते. पारखी शाईची पेन्सिल उजव्या मनगटाच्या पट्ट्याखाली, टोक कोपराकडे आणि बुंधा तळव्यात करून ठेवत असे. थप्पीवरून घसरताना त्याने तळहात टेकला. त्या धक्क्याने बुंधा मागे ढकलला गेला, टोक कातडीतून आत शिरून मोडले आणि कंडरांमध्ये राहिले. त्यातला जांभळा रंग हळूहळू झिरपत गेला आणि जिथे पोहोचला तिथल्या ऊती मारत गेला. मेलेल्या ऊतींभोवती शरीराने पेशींचे कडे उभारले. ती गाठ म्हणजे ते कडे होते. कर्करोग नव्हता.